विहिरीवरचे इंजिन आणि आकाशातले विमान

जुन्या विमानांची आवड ही जुन्या मोटारींच्या किंवा नाण्यांच्या आवडीहून एका बाबतीत वेगळी पडते. तिच्यातील वस्तू जवळजवळ कधीच शौकिनाच्या मालकीची नसते, आणि त्यामुळे या आवडीचा मुख्य व्यवहार संग्रहापेक्षा माहितीचा असतो. विमान कोणत्या कारखान्यात बांधले गेले, त्याच्या अंगावरचा क्रमांक काय होता, ते कोणत्या स्क्वाड्रनकडे होते, कुठे पडले आणि कोणत्या भंगाराच्या ढिगातून परत आले, याच्या नोंदी ठेवण्यात ही मंडळी आयुष्य घालवतात. ब्रिटनमध्ये या आवडीला संस्थांचे भक्कम पाठबळ मिळाले. ओल्ड वॉर्डन येथील शटलवर्थ संग्रहात पहिल्या महायुद्धापूर्वीची विमानेसुद्धा वारा पडलेल्या संध्याकाळी उडवली जातात, डक्सफर्डच्या जुन्या हवाई तळावर मोठे संग्रहालय उभे आहे, आणि खुद्द ब्रिटिश हवाई दलाने १९५७ पासून स्पिटफायर, हरिकेन यांसारखी युद्धकालीन विमाने उडती ठेवण्यासाठी स्वतंत्र तुकडी सांभाळली आहे.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत यातले काहीच नाही. कोयना प्रकल्पाच्या काळात कराडला धावपट्टी झाली, पण तिच्यावर नियमित प्रवासी विमाने कधी रुळली नाहीत. आणि सांगलीजवळची कवलापूरची धावपट्टी तर गेली कित्येक वर्षे विमानांपेक्षा निवेदनांनीच गाजते आहे. तरीही १९४९ पर्यंत बव्हंशी एकाच सातारा जिल्ह्यात आणि आसपासच्या छोट्या संस्थानांत विभागलेल्या या मुलखाचा ब्रिटिश विमानविद्येशी संबंध होता आणि आहे. हा संबंध हँगरमधून आलेला नसून विहिरीच्या काठावरून, कारखान्यातून आणि शाळेतून आलेला आहे, आणि तो शोधायचा तर तिथूनच सुरुवात केली पाहिजे.

विजेचे पंप गावोगाव पोहोचण्यापूर्वी कृष्णा, वारणा आणि येरळा यांच्या काठच्या मळ्यांत पाणी उपसण्याचे काम मोटेकडून हळूहळू तेलावर चालणाऱ्या इंजिनांकडे गेले. एका आडव्या किंवा उभ्या सिलिंडरची, जड चाकाची, हँडल मारून सुरू करायची ही यंत्रे सुरुवातीला ब्रिटनहून येत आणि पुढे त्यांच्याच धर्तीवर देशात तयार होऊ लागली. साताऱ्याजवळ सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना उभारला आणि तिथे आधी नांगर, मग ऑइल इंजिने बनू लागली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते, ही गोष्ट आज साताऱ्यातही फारशी कुणाला आठवत नाही. त्याआधी १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या हद्दीत, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसवली होती. लेथवर हात बसलेला कारागीर, साच्यात लोखंड ओतणारा मिस्त्री आणि इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा शेतकरी अशी तीन प्रकारची माणसे या मुलखात तयार झाली ती या काळात.

विहिरीवरच्या या इंजिनांत 'लिस्टर'प्रमाणेच 'पीटर' हे नाव घरोघरी ठाऊक होते. ते नाव मुळात इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील योव्हिल या गावच्या पेटर घराण्याचे. अर्नेस्ट आणि पर्सिव्हल या जुळ्या भावांनी तेथे तेलइंजिनांचा धंदा नावारूपाला आणला. १९१५ मध्ये महायुद्धासाठी कारखान्यांची गरज निर्माण झाली, तेव्हा पेटर कंपनीने आपली साधने सरकारपुढे ठेवली आणि गावाबाहेरच्या जागेत समुद्रावरून उडणारी 'शॉर्ट' विमाने ठेक्याने बांधायला घेतली. त्या जागेला आणि कारखान्याला 'वेस्टलँड' हे नाव मिळाले. म्हणजे शेतीच्या इंजिनांवर पोसलेल्या एका कंपनीच्या पोटी विमानांचा कारखाना जन्माला आला, आणि भारताच्या हवाई दलाचे पहिले विमान याच कारखान्यातून आले.

ते विमान म्हणजे वेस्टलँड वापिटी. एकावर एक असे दोन पंख, उघड्या बैठकीत मागेपुढे दोन माणसे आणि पुढे चक्राकार मांडलेल्या सिलिंडरांचे, हवेनेच थंड होणारे ब्रिस्टल ज्युपिटर इंजिन, अशी त्याची रचना होती. ते बेतताना ब्रिटिश हवाई खात्याने घातलेली अट कुणाही काटकसरी कारखानदाराला पटेल अशी आहे: पहिल्या महायुद्धातील 'डीएच ९ए' या विमानांचे सुटे भाग गोदामांत पडून होते, ते शक्य तितके नव्या विमानात वापरले जावेत. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तेव्हा तिच्याजवळ अशी चार वापिटी होती. आज एक वापिटी विमान दिल्लीच्या पालम येथील हवाई दल संग्रहालयात आहे आणि जगात उरलेले ते एकमेव वापिटी मानले जाते.

मात्र या विमानांकडे केवळ कौतुकाने पाहणे या मुलखातील वाचकाला जमण्यासारखे नाही, आणि जमूही नये. वापिटी विमाने वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांच्या वस्त्यांवर बाँब टाकण्यासाठी वापरली जात. १९४२ च्या आंदोलनात बिहारसारख्या प्रांतांत जमावावर विमानांतून गोळीबार झाला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वडूज आणि इस्लामपूर येथील मोर्चांवर पोलिसांच्या गोळ्या चालल्या. पुढे १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली याच सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालले. दुसऱ्या बाजूला त्याच काळात युद्धवर्गणीही गोळा होत होती. एका स्पिटफायरची किंमत ठोकळ मानाने पाच हजार पौंड धरली जाई आणि तेवढी रक्कम देणाऱ्या प्रांताचे, संस्थानाचे किंवा व्यक्तीचे नाव विमानावर रंगवले जाई. मोठ्या देणगीदारांची नावे तर अख्ख्या स्क्वाड्रनला मिळत. ब्रिटिश हवाई दलाची १२२ वी स्क्वाड्रन 'बॉम्बे', १३२ वी 'सिटी ऑफ बॉम्बे' आणि १२४ वी 'बडोदा' या नावाने ओळखली गेली ती यामुळेच. मुंबई इलाख्याच्या एका कोपऱ्यात राज्याविरुद्ध राज्य उभे राहत असताना त्याच इलाख्याचे नाव युरोपच्या आकाशात फिरत होते. शौकिनाने हे दोन्ही एकाच वहीत लिहून ठेवले तरच त्याच्या वहीला इतिहासाची किंमत येते.

पेटर घराण्याच्या पुढच्या पिढीतील विल्यम एडवर्ड विलोबी पेटर हा सर अर्नेस्ट यांचा मुलगा १९०८ मध्ये जन्मला आणि घरच्या कारखान्यात विमानांचा रचनाकार झाला. त्याने बेतलेले लायसँडर हे उंच पंखांचे, आखूड धावपट्टीवर उतरू शकणारे विमान भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनने ब्रह्मदेशात वापरले. ते मुळात सैन्याला टेहळणीत साहाय्य करण्यासाठी होते. पण १९४२ च्या फेब्रुवारीत स्क्वाड्रन लीडर करुण कृष्ण मजुमदार यांच्या तुकडीने त्यालाच बाँब लटकवून थायलंडमधील जपानी तळांवर हल्ले केले. पेटर १९४४ मध्ये वेस्टलँड सोडून इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीत गेला, आणि तिथे त्याने आखलेले कॅनबेरा हे दोन जेट इंजिनांचे बाँबफेके विमान १३ मे १९४९ रोजी प्रथम उडाले. त्याच्या मूळ आवृत्तीत बचावाची एकही तोफ नव्हती, कारण पाठलाग करणाऱ्याला गाठता येणार नाही इतक्या उंचीवरून जाणे हाच त्याचा बचाव होता.

कॅनबेरा १९५७ पासून भारतात आली आणि पुण्याचा लोहगाव तळ हे त्यांचे एक महत्त्वाचे ठाणे झाले. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्तीच्या मोहिमेत १२ कॅनबेरा विमानांनी दाभोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले, तर बेळगावच्या सांबरा तळावरून गेलेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र बंद पाडले. पुणे आणि दाभोळी यांच्यामध्ये नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती सातारा जिल्ह्याच्या पश्चिम अंगावरून, सह्याद्रीच्या माथ्याला धरून, जवळजवळ उभी दक्षिणेकडे उतरते. त्याच वर्षी २३ जून रोजी साताऱ्यात देशातील पहिली सैनिकी शाळा सुरू झाली होती. भारतातील अखेरची कॅनबेरा २००७ मध्ये आग्रा येथे निवृत्त झाली. एका विमानप्रकाराने पन्नास वर्षे नोकरी करावी ही गोष्ट रचनाकाराइतकीच ते चालते ठेवणाऱ्या तंत्रज्ञांच्याही श्रेयाची आहे.

पेटरचे शेवटचे आणि भारतीयांना सर्वांत प्रिय झालेले विमान म्हणजे फॉलंड नॅट. लढाऊ विमाने पिढीगणिक जड, गुंतागुंतीची आणि महाग होत चालली आहेत, हे त्याला मान्य नव्हते. म्हणून त्याने जेमतेम पावणेसात मीटर पंखविस्ताराचे, एका ऑर्फियस जेट इंजिनाचे विमान बेतले, जे १८ जुलै १९५५ रोजी प्रथम उडाले. ब्रिटनने लढाऊ विमान म्हणून ते नाकारले आणि केवळ प्रशिक्षणासाठी स्वीकारले, तर भारताने ते लढण्यासाठी घेतले आणि बंगळूरला परवान्याखाली बांधले. १९६५ च्या युद्धात आणि २२ नोव्हेंबर १९७१ रोजी बोयरा येथे नॅटने पाकिस्तानी सेबर विमानांचा सामना केला, आणि १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर एकट्याने झुंज देणारे फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों याच विमानात होते. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. परंतु नॅटची गाथा सांगताना त्याच्या खोडी झाकणे योग्य नाही. नाक वर-खाली करणारी त्याची नियंत्रणव्यवस्था लहरी होती, तोफा अडकत, आणि देखभाल करणाऱ्यांना त्याच्या आखूड अंगात हात घालताना घाम फुटे. पेटरने १९५९ च्या सुमारास विमानांचा व्यवसाय कायमचा सोडला, एका धार्मिक समुदायात जाऊन राहिला आणि पुन्हा या क्षेत्रात परतला नाही.

ज्या वर्षी पेटर जन्मला त्याच वर्षी, म्हणजे १९०८ मध्ये, गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू या गावी विष्णू माधव घाटगे यांचा जन्म झाला. सातारा-सांगलीच्या दक्षिण शेजाऱ्याकडचा हा मुलगा पुढे जर्मनीतील गटिंगन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकला. उडत्या वस्तूच्या पृष्ठभागाला चिकटून जाणारा हवेचा अतिशय पातळ थर हा साऱ्या उड्डाणशास्त्राचा गाभा आहे, हे प्रांट्ल यांनी दाखवून दिले होते, आणि त्याच विषयात घाटगे यांची तयारी झाली. मूळ सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली, तेव्हा घाटगे तिथे दाखल झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली बेतलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी उडाले. पहिल्या नमुन्यात डी हॅव्हिलंड कंपनीचे जिप्सी मेजर इंजिन होते, नंतरच्या विमानांत सिरस मेजर हे दुसरे ब्रिटिश इंजिन आले. विमान पूर्णपणे भारतीय रचनेचे आणि हृदय ब्रिटिश, हा संकर शुद्धतावादी शौकिनाला अडचणीचा वाटतो. प्रत्यक्षात त्या दोन दशकांचे भारतीय विमानशास्त्र असेच होते, आणि म्हणून एचटी-२ ला ब्रिटिश विमानांच्या यादीबाहेर ठेवण्यात काही अर्थ नाही.

एचटी-२ ने ज्याची जागा घेतली ते टायगर मॉथ हे मात्र अस्सल ब्रिटिश विमान, आणि जुन्या विमानांच्या शौकिनांत त्याला जे स्थान आहे ते त्याच्या साधेपणामुळे. पोलादी नळ्यांचा सांगाडा, स्प्रूस लाकडाचे पंख, त्यांवर ताणलेले कापड आणि ते कापड आवळून हवाबंद करण्यासाठी दिलेले डोप नावाच्या रोगणाचे थर, एवढ्यावर ते उभे असते. शिकवणारा पुढे आणि शिकणारा मागे बसतो. दोघांत बोलणे चालते ते एका नळीतून. ब्रेक नाहीत, मागे चाकाऐवजी जमिनीवर घासणारी पट्टी आहे. त्याचे १३० अश्वशक्तीचे जिप्सी मेजर इंजिन उलटे टांगलेले असते, म्हणजे क्रँकशाफ्ट वर आणि चारही सिलिंडर खाली. यामुळे पंख्याचा आस उंच राहतो आणि वैमानिकाला नाकावरून पुढचे दिसते. पण याच रचनेमुळे उभ्या विमानात वंगणाचे तेल हळूहळू खाली सिलिंडरात झिरपते, आणि ते तसेच राहून इंजिन सुरू केले तर न दबणाऱ्या तेलावर दट्ट्या आदळून त्याचा दांडा वाकतो. म्हणून स्विच बंद असल्याची खात्री मोठ्याने करून घेऊन जमिनीवरचा माणूस पंखा हाताने सावकाश फिरवतो आणि कुठे अडतो का ते पाहतो. मग कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ठिबकेपर्यंत थांबून, चार पाती ओढून इंजिनाला पेट्रोलचा श्वास देतो, 'काँटॅक्ट' अशी हाक देतो, वैमानिक स्विच लावतो, आणि एका झटक्यात पंखा खाली ओढून तो माणूस त्याच लयीत मागे सरतो. ज्याने थंडीच्या पहाटे विहिरीवरचे इंजिन हँडल मारून चालू केले आहे आणि उलट्या झटक्यापासून मनगट वाचवले आहे, त्याला या क्रियेतले शहाणपण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या मुलखावरून गेलेल्या पहिल्या नियमित ब्रिटिश बनावटीच्या विमानांचा मागही नकाशावरच काढावा लागतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी डी हॅव्हिलंड पस मॉथ या बंद बैठकीच्या छोट्या विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहू गाठले, आणि पुढचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीला मुक्काम करून मद्रासपर्यंत नेला. मुंबई आणि बेल्लारी यांना जोडणारी सरळ रेघ कोरेगावच्या परिसरातून, म्हणजे कूपर यांच्या कारखान्याच्या आसपासूनच, विट्याकडे आणि पुढे कवठे महांकाळच्या दिशेने जाते. ताशी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरच्या वेगाने पस मॉथला जुहूहून कोरेगावपर्यंत यायला सव्वा-दीड तास पुरला असता. पावसाळ्यात जुहूच्या मैदानाचा चिखल होई, तेव्हा टाटांना आपले बस्तान पुण्याला हलवावे लागे, आणि पुणे-बेल्लारी ही रेघ तर दहिवडी आणि जत यांच्या जवळून, ऐन माणदेशावरून जाते. पावसाची ज्याला कायम वाट पाहावी लागते तो पर्जन्यछायेचा प्रदेश ढगांखालून वाट काढणाऱ्या वैमानिकाला मात्र दिलासा देणारा ठरला असणार. त्या भागातील आज नव्वदीपलीकडे गेलेल्या माणसांकडे या विमानांची काही आठवण उरली आहे का, याचा पद्धतशीर शोध घेणे हे एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला सहज शक्य आहे.

प्रत्यक्ष विमाने पाहायची तर सांगली-साताऱ्याच्या शौकिनाने गोव्याची वाट धरावी. दाभोळी विमानतळाजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर १९९८ मध्ये सुरू झालेल्या नौदलाच्या हवाई संग्रहालयात पाण्यावर आणि जमिनीवर उतरणारे शॉर्ट सीलँड, निशाण्याचे लक्ष्य ओढून नेणारे फेअरी फायरफ्लाय, विक्रांत या विमानवाहू नौकेवरून उडालेले सी हॉक, घाटग्यांचे एचटी-२, आणि जागच्या जागी उभे वर चढणारे व २०१६ मध्ये निवृत्त झालेले सी हॅरियर ही सारी एका आवारात आहेत. मात्र उघड्यावर ठेवलेल्या विमानांची अवस्था बारकाईने पाहिली तर या छंदातील सर्वांत मोठा प्रश्न ध्यानात येतो. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला पोलादी खिळा जिथे भेटतो तिथे ओल शिरली की दोन भिन्न धातूंत सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होतो आणि पत्रा पांढऱ्या भुकटीत झिजत जातो. बैठकीवरचे पारदर्शक झाकण उन्हाने तडकते. आणि देखभाल म्हणून दरवर्षी चढवलेल्या रंगाखाली विमानाचे मूळ क्रमांक व सूचना कायमच्या गाडल्या जातात. गावोगावी चौकांत आणि शाळांच्या दारांत चबुतऱ्यावर विमान उभे करण्याची हौस आपल्याकडे मोठी आहे, पण छप्पर, पाण्याचा निचरा आणि एक जबाबदार तंत्रज्ञ यांची सोय नसेल तर असे विमान मागून न घेतलेलेच बरे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश संग्राहकांनी भारतातून स्पिटफायर आणि टेम्पेस्ट विमाने विकत नेली, तेव्हा आपण त्यांना भंगार समजत होतो. त्यातली काही आज इंग्लंडात उडतात, आणि भारतीय हवाई दलाला आपले टायगर मॉथ ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेऊन २०१२ च्या हवाई दल दिनी हवेत आणावे लागले.

या दोन जिल्ह्यांना झेपेल आणि शोभेल असे काम त्यामुळे विमान मिळवण्याचे नसून इंजिने, हत्यारे आणि कागद जपण्याचे आहे. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या कार्यशाळांत एखादे जुने इंजिन उघडून, मोजून, त्याची आरेखने करून ठेवणे अवघड नाही. भाग नव्याने ओतून देणारे कारखाने औद्योगिक वसाहतींत हाकेच्या अंतरावर आहेत. साताऱ्याच्या सैनिकी शाळेने देशाला एअर चीफ मार्शल प्रदीप वसंत नाईक यांच्यासारखे हवाई दलप्रमुख दिले, पण अधिकाऱ्यांची चरित्रे कधी ना कधी लिहिली जातात. लिहिली जात नाही ती हंटर, नॅट आणि कॅनबेरा यांच्या पोटात शिरून ती चालती ठेवणाऱ्या फिटरांची, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकांची आणि शस्त्रागारातील तंत्रज्ञांची कामगिरी, आणि अपशिंग्यासारख्या सैनिकी परंपरेच्या गावांपासून वाळव्यापर्यंत अशा निवृत्तांची घरे आहेत. त्यांच्या ट्रंकेत सेवापुस्तक, प्रशिक्षणाच्या वह्या, तुकडीचे छायाचित्र किंवा विमानाच्या क्रमांकाची नोंद असेल, तर घरच्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी त्याची प्रत काढून, मागे नाव, गाव, तुकडी आणि वर्ष लिहून, सातारा किंवा सांगलीच्या वस्तुसंग्रहालयाकडे अथवा जवळच्या नगरवाचनालयाकडे द्यावी.